प्लाझ्मिड बेलगाम नसतं

सोलापुरातल्या मायक्रोबायोलॉजीच्या पोरांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘प्लाझ्मिड जीवाणूत शिरलं की बेलगाम प्रती काढतं. पीयूसीच्या शेकडो प्रती हाच पुरावा. अँटिबायोटिक थांबवलं की प्लाझ्मिडं आपोआप गळून पडतात.’ माझ्याकडेच तीनदा आला, म्हणून लिहायला बसलो. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळा, आपल्या प्रती काढणारा डीएनएचा छोटा तुकडा; पीयूसी हे प्रयोगशाळेत घडवलेलं त्यातलंच एक.

बेलगाम कुठलं बे? ई. कोलाय या जीवाणूत एफ नावाचं प्लाझ्मिड एक-दोन प्रतींवर थांबतं, कोलई१ नावाचं साधारण १५ ते २० वर. शेळगीत पाणी सुटतं तेव्हा टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो, तसंच हे. कोलई१ची प्रत निघायची तर त्याच्याच आरएनए-२ नावाच्या आरएनएला डीएनएशी चिकटून बसावं लागतं. आरएनएज एच हे विकर मग त्याला ठरल्या जागी कापतं आणि त्या टोकापासून नवा डीएनए सुरू होतो. बॉलचं काम करतो आरएनए-१, जेमतेम १०८ अक्षरांचा दुसरा आरएनए तुकडा. तो आरएनए-२ला बिलगला की त्याची घडी बदलते, डीएनएशी जोडी जमत नाही, प्रत रद्द. आणि हा तुकडा प्लाझ्मिडच बनवतं! प्रती वाढल्या की तोही वाढतो. पेशी मोठी होते तसा तो विरळ होतो, शिवाय काही मिनिटांत नष्टही होतो. मग पुन्हा प्रती निघतात. रॉप नावाचं चिमुकलं प्रथिन ही मिठी घट्ट करतं.

पीयूसीचा पुरावा तर उलटाच पडतो. तेवढ्याच कल्चरमधून (वाढवलेल्या जीवाणूंमधून) काढलेलं पीयूसी जेलवर, म्हणजे डीएनए वेगळा करून बघायच्या थरावर, ठसठशीत दिसतं, आणि कोलई१च्याच घराण्यातलं पीबीआर३२२ प्लाझ्मिड फिकं, हे खरंच. पण त्याच घराण्यातल्या पीयूसीत रॉपचं जनुकच नाही, आणि आरएनए-२मधलं एक अक्षर बदललंय. बॉल मोडलेली टाकी वाहते म्हणून सगळ्याच टाक्यांना बॉल नसतो असं कोणी म्हणेल का? हेच पीयूसी ३७ऐवजी ३० अंशांवर वाढवा, प्रती बऱ्याच उतरतात. (मे महिन्यात सोलापुरात ३० अंश आणायचे कुठून, हा प्रश्न वेगळा.)

गळून पडण्याचं म्हणाल, तर प्रयोगशाळेतली साधी प्लाझ्मिडं औषधाविना हळूहळू हरवतात, कबूल. पण अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं वाहणारं आर१ प्लाझ्मिड घ्या. पेशी दुभंगताना ते आपल्या प्रती पेशीच्या दोन टोकांना ढकलतं. तरी एखादी लेक-पेशी रिकामी राहिलीच, तर तिच्यात हॉक विषाचा टिकाऊ आरएनए उरतो, आणि त्याला दाबणारा सॉक नावाचा अल्पायुषी आरएनए संपून जातो. हॉक तयार होतं, पेशीचं पटल फोडतं. मरते ती प्लाझ्मिड नसलेली पेशी.