'एक करदाता' यांस उत्तर

करदाता महोदय,

शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने मिळावं, असं मी लिहिलं. त्यावर आपलं म्हणणं थोडक्यात असं: हा पैशांचा चुराडा आहे; शिक्षकांनी शिकवावं, डॉक्टरकी करू नये; युरोपातल्या मोठ्या अभ्यासात याचा काडीचा उपयोग दिसला नाही, तेव्हा किती जीव वाचले ते आधी दाखवा; आणि 'ज्यांनी कधी हातात खडू धरला नाही, त्यांना दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवायला काय जातं?'

या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलू. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ज्याला आपण ओळखतही नाही त्याची लायकी एका ओळीत काढायची, तीही टोपणनावाआड बसून, याला मी टीका म्हणत नाही. खडूचं म्हणाल तर माझी उभी नोकरी माध्यमिकच्या वर्गांवर गेली. पेपरांचे गठ्ठे घरी आणले, पालकांची बोलणी खाल्ली, मुख्याध्यापकांचे टोमणे ऐकले. माझा परिचय लेखाच्या खालीच आहे. तिथवर स्क्रोल करायला कर लागत नाही.

आणि हातात खडू होता म्हणूनच सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, अभ्यासात बरा, मस्तीत पुढे. त्याचं काही बिनसलंय हे ओळखलं ते ग्रंथालयातल्या बाईंनी. मुदत उलटल्याशिवाय पुस्तक परत न करणारा हा पोरगा एके दिवशी घरातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं घेऊन आला, जुना दंड चुकता केला आणि स्वतःची रंगपेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "ही कुणाला तरी देऊन टाका." त्या पेटीला तो एरवी कुणाला हात लावू देत नसे. जपलेल्या वस्तू अचानक वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, हे बाईंनी अशाच एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. त्यांनी त्याला शेजारी बसवलं आणि आडवळण न घेता विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?" तो बराच वेळ पेटीचं झाकण उघडत-मिटत राहिला. मग "हो" म्हणाला. त्याला एकटं न सोडता बाई त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. तो आज हयात आहे, संसारी आहे. आपण याला पुरावा म्हणणार नाही, ठाऊक आहे. मी म्हणते.

(असं थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती पुष्कळांना वाटते. तिला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.)

आता तो अभ्यास. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. १० देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. शिक्षकांना प्रशिक्षण दिलेल्या शाळांत लक्षणीय फरक दिसला नाही, इथवर आपण बरोबर सांगता. पण त्याच अभ्यासात ज्या शाळांत थेट मुलांबरोबर काम झालं, तिथे वर्षभराने आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या शाळांच्या निम्म्यावर आलेलं होतं. हे सांगायचं आपण सोयीस्करपणे विसरलात. मुलांना मदत मागायला शिकवल्यावर ती त्यांनी मागायची कुणाकडे? भिंतीकडे? आणि 'किती जीव वाचले' म्हणाल, तर अभ्यासाच्या काळात कोणत्याच गटातलं एकही मूल आत्महत्येने गेलं नव्हतं. अकरा हजार मुलांत जे मोजता येत नाही, ते मी इथे मोजून दाखवावं अशी आपली अपेक्षा दिसते.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, हे मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून तर मी लेखभर 'कर्मचारी' लिहिलं. त्यात कारकून, शिपाई, बसचालक सगळे आले.

राहिले पैसे. प्रशिक्षणाचं शुल्क ही त्यातली किरकोळ बाब. खरा खर्च कर्मचाऱ्यांच्या तासांचा आणि तेवढ्या वेळात वर्ग सांभाळणाऱ्या बदली माणसाचा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २००७ मध्ये शिक्षकांना वर्षाला दोन तासांचं असं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेही आधीपासून चालू असलेल्या सेवांतर्गत प्रशिक्षणातच बसवून. वेगळे दिवस काढले नाहीत, त्यामुळे तिजोरीवर नवा भार फारसा पडला नाही. मोठा खर्च त्याच्या पुढचा आहे. मूल "हो" म्हणाल्यावर त्याला ज्याच्याकडे न्यायचं, तो समुपदेशक शाळेत लागतो, कायमचा लागतो, पगारावर लागतो. आमच्या शाळेत तो नव्हता. बाहेर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत बाई आणि मी त्या मुलाला सांभाळून होतो, आणि 'याची कुठे नोंद करू नका' असं वरून सांगितलं गेलं ते वेगळंच. चुराडा शोधायला निघालेल्या माणसाच्या नजरेतून नेमकी हीच बाब कशी सुटली, याचं मला नवल वाटतं.

बाकी आपण मोबाइल, पालकांचे लाड, हल्लीच्या मुलांचं नाजूकपण वगैरे जे लिहिलंय, त्याला उत्तर देत बसत नाही. समुपदेशकांच्या पदांवरचा लेख पुढच्या आठवड्यात टाकते आहे. त्यावर प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त लेख शेवटपर्यंत वाचून द्या.