नाना, तिकीट आणि ताजमहाल

आमचे नाना प्रेसमधून रिटायर झालेत. प्रेस म्हणजे नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस, पण आमच्या जेलरोडला एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. ही प्रेस १९२५ च्या सुमारास सुरू झाली आणि त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची, ही माहिती आमच्याकडे पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबरच मिळते. नानांनी आयुष्यभर तिकिटांची शीटं मोजली, पण गेटवर झडती असायची त्यामुळे एक तिकीट कधी खिशातून घरी आलं नाही. म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला मला वाटलं, आपण नानांचंच तिकीट काढू की! पोस्टाची 'माय स्टॅम्प' म्हणून स्कीम आहे, २०११ पासून, आपला फोटो द्यायचा, ३०० रुपये भरायचे, ५ रुपयांच्या १२ तिकिटांचं शीट मिळतं.

सरप्राइज द्यायचं होतं पण फोटोवरच घोडं अडलं. नानांचे सगळे फोटो आधार कार्डासारखे. हसरा असा एकच, पुतण्याच्या लग्नातला, त्यात फेटा डोळ्यावर आलेला आणि खांद्यावर कुणाचा तरी हात, नुसता हातच, माणूस नाही. शेवटी त्यांना सांगावंच लागलं.

"मी गेलोय का?" नाना म्हणाले.

म्हटलं, नाना असं काय बोलता. तर म्हणे, "तिकीट मेलेल्या माणसाचं निघतं. जिवंतपणी निघालं ते अण्णासाहेब कर्व्यांचं, १९५८ साली, शंभर पूर्ण झाली तेव्हा. मला अजून पंचवीस वर्षं आहेत." म्हटलं, सचिनचं निघालं ना २०१३ मध्ये. त्यावर ते थोडे विरघळले, पण ५ गुणिले १२ म्हणजे ६० रुपयांच्या मालाला ३०० का, हा प्रश्न मात्र त्यांनी मला, आईला, आत्याला फोन करून आणि दूधवाल्याला असा चौघांना विचारला.

मग पोस्टात हेलपाटे सुरू. पहिल्या दिवशी ते काम बघणारे सर रजेवर. दुसऱ्या दिवशी सर होते तर कलर प्रिंटर रुसलेला. तिसऱ्या दिवशी सर पण होते, प्रिंटर पण होता, माझ्याकडे फॉर्म होता, आयडी होतं, पण फोटो आडवा आणि त्यांना पाहिजे उभा, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून कापून आणला तर त्यात नानांचा एक कान गेला. (दुसरा आहे, चालेल, असं सर म्हणाले. चांगला माणूस होता हो, उगाच कशाला खोटं बोलू.)

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. आपला फोटो म्हणजे तिकीट नव्हे. खरं तिकीट आधीच छापलेलं असतं आणि फोटो त्याच्या शेजारच्या कोऱ्या चौकोनात येतो. आणि त्या दिवशी सरांकडे शिल्लक होतं ते ताजमहालाचं शीट.

घरी आईने शीट बघितलं. "ताजमहाल! मला पस्तीस वर्षं मागून एक माळा बांधून मिळाला नाही."

नानांनी बघितलं. "फोटो लावला, शेजारी कबर. आता फक्त हार घाला." पण मग भिंग आणलं आणि अर्धा तास छपाई बघत बसले. चेहरा शेंदूर फासल्यासारखा आलाय, पण परफोरेशन, म्हणजे कडेची भोकं, उत्तम आहे, आमचे लोक असं सोडत नाहीत वगैरे. संध्याकाळी मोजली तर ११ भरली. मग काय, सोफा हलवला, गाद्या झटकल्या, झडतीच. बारावं आत्याच्या पर्समध्ये सापडलं, ते पण अर्धंच, तिने ताजमहाल फाडून टाकला होता आणि भाऊ तेवढा ठेवला होता. नाना कळवळून म्हणाले, "अगं नुसता मी लावलास तर पत्र बिनतिकिटाचं, बैरंग होईल! किंमत त्या कबरीला आहे, मला नाही."

खात्री करायला नानांनी स्वतःलाच एक पत्र टाकलं. जेलरोडहून जेलरोडला ते चार दिवसांनी आलं. शिक्का बरोब्बर नानांच्या तोंडावर, नाकापासून उरलेल्या कानापर्यंत, आणि ताजमहाल धुतल्यासारखा पांढराशुभ्र.

नानांनी भिंगातून बघितलं आणि भडकले. चेहऱ्याचं त्यांना काहीच नाही. "तिकीट कॅन्सल झालेलंच नाही! हे कोणी पण भिजवून काढेल आणि परत वापरेल, सरकारचं नुकसान नाही का?" लगेच टेबलाशी बसून दोन पानी तक्रार लिहिली, पाकिटात घातली, आणि पाकिटावर ताजमहालासकट स्वतःला चिकटवलं.