दुर्बीण धुतली, पण तपासली का?

मायदेशी दुर्बिणीच्या (शरीरात नळी घालून करायच्या) तपासणीतून होणाऱ्या संसर्गाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'परदेशात मशीन स्कोप, म्हणजे ही दुर्बीण, धुतं, तिथे असं होत नाही.' मी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात स्कोप धुण्याच्याच खोलीत काम करते. मला हे पटत नाही.

२०१५ साली लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ड्युओडेनोस्कोपमधून (तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत घालायच्या दुर्बिणीतून) ७ जणांना औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची लागण झाल्याचं उघड झालं. दोघांच्या मृत्यूला ती कारणीभूत ठरली. स्कोप ते बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेबरहुकूम धुतले होते, असं रुग्णालयाने सांगितलं. या स्कोपच्या टोकाला अवजार पित्तनलिकेकडे वळवणारी छोटी पट्टी असते. तिच्यामागच्या फटींत ब्रश नीट पोचतच नाही. पुढे एफडीएने, म्हणजे अमेरिकेतल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, कंपन्यांना धुतलेले स्कोप तपासायला लावले. २०१९मध्ये कळलं, घातक जंतू ५.४ टक्क्यांपर्यंत नमुन्यांत होते. धुतलेल्या स्कोपवर!

म्हणून माझा आग्रह मशीनपेक्षा तपासणीचा आहे. घासून झाल्यावर, जंतुनाशक रसायनात बुडवण्याआधी, नळीतून नमुना घेऊन एटीपी चाचणी करायची. एटीपी म्हणजे सजीव पेशींत असणारा पदार्थ; तो सापडला म्हणजे मळ उरला. काजव्याला उजेड देणारं विकरच यात वापरतात: मळ जितका जास्त, तितका उजेड जास्त. ही चाचणी जंतू ओळखत नाही, पण मळ राहिला तर त्याखाली रसायन पोचत नाही, हे पुरेसं आहे. जंतूंसाठी नळीत पाणी सोडून ते कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवायचं. जर्मनीतल्या शिफारशींप्रमाणे दर ३ महिन्यांनी. शिवाय नळी आतून कोरडी हवी, नाहीतर उरलेल्या ओलीत रात्रभरात जंतू वाढतात.

'एवढ्या गर्दीत वेळ कुठे?' हा मायदेशातला प्रश्न मात्र खरा आहे. स्कोप मोजके, रुग्ण रांगेत, मग घासणं आखडतं. पण पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या रसायनाची ताकद चाचणीची कागदी पट्टी बुडवून पाहायला काही मिनिटंच लागतात. ती तरी रोज पाहिली जाते का?

परवा एका स्कोपचा एटीपी आकडा वर आला. डॉक्टर दारात उभे, रुग्ण वाट पाहतोय. मी स्कोप परत सिंकमध्ये टाकला. कोणी रागावलं नाही, कारण थांबवण्याचा अधिकार आमच्या नियमावलीत मलाच दिलेला आहे. मायदेशी स्कोप धुणाऱ्या माणसाला तो कोण देणार, हे त्या चर्चांत मी अजून कोणाला विचारताना ऐकलेलं नाही.