धूर कसाही असो, कागद निर्मळ असावा

आपण ट्रक घेतल्याचे कळले. अभिनंदन. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका वाहतूकदाराकडे गेली एकवीस वर्षे मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो, भाड्याचा हिशेब ठेवतो आणि गाड्यांचे कागद सांभाळतो. त्या अनुभवाच्या जोरावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. ट्रक ही एक वस्तू नसून दोन वस्तू आहेत, हे नव्या मालकाच्या ध्यानात यायला फार उशीर लागतो. एक रस्त्यावर धावते, दुसरी प्लास्टिकच्या पाकिटात राहते. पहिली बिघडली तर मिस्त्री आहे. दुसरी बिघडली तर गाडी उभी राहते, भाडे जाते आणि सेठजींचा फोन येतो. सुज्ञ माणसाने कोणत्या वस्तूची निगा आधी राखावी, हे मी वेगळे सांगायला नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ असे सांगतो की, पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाल्यावर प्रत्येक गाडीजवळ प्रदूषण नियंत्रणाचे, म्हणजे आपल्या भाषेत पीयूसीचे, वैध प्रमाणपत्र असले पाहिजे. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी मानक; बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांसाठी प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याहून जुन्या गाड्यांसाठी सहा महिने. धुराची मर्यादा ओलांडून गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय माणूस तीन महिने लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरतो. एवढ्या मोठ्या शिक्षेच्या तुलनेत प्रमाणपत्राला लागणारे पैसे इतके थोडे असतात की, संपूर्ण ट्रकमध्ये याहून स्वस्त सुटा भाग मिळणार नाही. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा एक संच बदलण्याच्या खर्चात कित्येक वर्षांची निर्मळता विकत घेता येते.

आता चाचणीविषयी. ती पुस्तकात कशी लिहिली आहे हे एकदा वाचून ठेवावे, म्हणजे ती तशी होऊ लागली तर आपल्याला वेळीच ओळखता येईल. पुस्तकाप्रमाणे इंजिन आधी चांगले तापलेले असावे, ऑइलचे तापमान किमान ६० अंश असावे. त्यासाठी ऑइलची पट्टी काढून त्या नळीत तापमान मोजणारी तार सोडायची असते. फेरे मोजणारे यंत्र वेगळे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम, तळापर्यंत दाबायचा, इंजिन गव्हर्नरने, म्हणजे वेगाला आळा घालणाऱ्या भागाने, ठरवलेल्या कमाल वेगाला पोहोचू द्यायचे आणि सोडायचे. असे आकडे स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचे आणि सरासरी काढायची. सायलेन्सरच्या नळीत घातलेल्या तोटीतून धूर यंत्रात जातो, तिथे त्याच्या एका बाजूने प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोहोचला ते पाहतात. जितका प्रकाश धुराने गिळला, तितका आकडा मोठा. जुन्या गाड्यांना हा आकडा २.४५ पर्यंत माफ आहे, बीएस-४ गाड्यांना १.६२ पर्यंत आणि बीएस-६ गाड्यांना ०.७ पर्यंत.

प्रत्यक्षात चाचणी याहून पुष्कळ सुटसुटीत असते. मी गाड्या नेतो त्या केंद्रावर तापमानाची तार अजून कंपनीच्या पिशवीतच आहे. पिशवीवरची धूळ पाहता तिला गेल्या कित्येक वर्षांत कोणी हात लावला नसावा. तोटी नळीत घालतात, पण अगदी कडेला, पाहुण्याने अनोळखी घराच्या उंबऱ्यावर उभे राहावे तशी. ड्रायव्हरला रेस देण्याची खूण होते आणि आमचा ड्रायव्हर, जो घाटात एरवी पाय तळापासून उचलत नाही, तो इथे अ‍ॅक्सिलरेटरवर नव्या सुनेने उंबरठ्यावरचे माप ओलांडावे तसा अलगद पाय ठेवतो. इंजिन गुरगुरते, गव्हर्नरच्या वेगाच्या आसपासही फिरकत नाही, आणि नळीतून निघणारा करडा, सभ्य धूर आपल्याला मोजले जात आहे याची पूर्ण जाणीव असल्यासारखा वागतो. आकडा ठीक येतो. नाहीच आला तर गाडी जुनी असल्यास पंपवाल्या मिस्त्रीकडे एक चक्कर मारावी. पंपातून जाणारे डिझेल तो एका दिवसापुरते कमी करतो, प्रमाणपत्र हातात आले की पुन्हा पूर्ववत करतो. गाडी संध्याकाळी पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येते.

काही उत्साही मंडळी तर गाडी नेण्याचा त्रासही घेत नाहीत. आमच्याच एका गाडीची चाचणी इंदुरात उत्तम प्रकारे झाल्याची नोंद आहे. गाडी त्या वेळी सेंधव्याच्या एका ढाब्यामागे टायर बदलत होती. दिल्लीतल्या केंद्रांचे दप्तर महालेखापरीक्षकांनी तपासले, तेव्हा एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याच्या नोंदी त्यांना सापडल्या. त्यांनी तो दोष म्हणून लिहिला. इतक्या वेगाने होणारे दुसरे कोणते सरकारमान्य काम त्यांनी पाहिले आहे, हे मात्र त्या अहवालात नाही.

एका गोष्टीपासून मात्र आपण सांभाळून राहावे. चार वर्षांपूर्वी त्या केंद्रावर एक पोरगा आला होता, पॉलिटेक्निक झालेला, आपल्याच नंदानगर भागातला मराठी मुलगा. त्याने पहिल्याच दिवशी ती पिशवी फाडली. मी गाडी लावली तर म्हणाला, “काका, ऑइल गरम होऊ द्या. थंड इंजिनावर आकडा खरा येत नाही.” आम्ही वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे. मागे सात गाड्यांची रांग लागली. मग त्याने तोटी पार आतपर्यंत सरकवली, स्वतः केबिनमध्ये चढला आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला भिडवला. नळीतून जे बाहेर पडले ते पाहून शेजारच्या चहावाल्याने पातेल्यावर झाकण ठेवले. आमची गाडी बीएस-४, मर्यादा १.६२, यंत्राने २.९ दाखवले. पोरगा म्हणाला, “हवेचा फिल्टर चोंदलाय आणि दोन नोझल गळतायत. ते केलेत तर गाडी अ‍ॅव्हरेजही जास्त देईल.” त्याचे म्हणणे खरे निघाले, हे मी सेठजींच्या माघारी इथे नमूद करतो, फिल्टर आणि नोझल बदलल्यावर डिझेलचा खर्च खरोखर कमी झाला. पण तत्त्वाचा प्रश्न होता. रांगेतल्या सातही गाड्या वळून दुसऱ्या केंद्रावर गेल्या, महिनाभरात त्या पोराचे गिऱ्हाईक आटले आणि पिशवी पुन्हा जागेवर आली. आता तो पिथमपूरच्या एका कारखान्यात असतो, असे ऐकतो.

बीएस-६ ट्रक घेतला असेल तर आपले काम आणखी सोपे आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर हे मानक आले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरले. जड इंजिनांतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आणली गेली. एवढी उडी मारण्यासाठी धुराच्या वाटेवर युरियाचे पाणी फवारावे लागते. ज्याला कंपनी डीईएफ म्हणते आणि ड्रायव्हर नुसते ‘युरिया’ म्हणतात, ते शुद्ध युरियाचे ३२.५ टक्के द्रावण. टाकी रिकामी झाली की आधी दिवा लागतो, मग इंजिनाचा जोर कमी होतो. हा गाडीने मालकावर केलेला सरळ अविश्वास आहे. म्हणूनच बाजारात एक लहानशी डबी मिळते, जी युरिया फवारला जात असल्याचे गाडीच्या संगणकाला अखंड, शांतपणे आणि अत्यंत विश्वासार्ह आवाजात खोटे सांगत राहते. काही काटकसरी लोक डबीही घेत नाहीत. ते शेतकऱ्याच्या नावाची ४५ किलोची कडुनिंबाचे लेपन असलेली गोणी फोडून तीच पाण्यात कालवतात. त्यातून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिस्ट निकामी होते, पण गव्हाला मिळणारे अनुदान ट्रकलाही मिळाल्याचे समाधान मोठे असते.

आणि पीयूसीचे काय, अशी शंका आपल्या मनात आली असेल. निर्धास्त असावे. त्या यंत्राला प्रकाश अडवणारा धूर तेवढा दिसतो. नायट्रोजन ऑक्साइड नळीतून बाहेर पडताना डोळ्यांना दिसत नाहीत, त्या यंत्रालाही दिसत नाहीत आणि ते मोजण्याची सोय त्या चाचणीत नाही. शिवाय गाडी न्यूट्रलमध्ये, ओझ्याविना उभी असते. म्हणजे ज्या विषासाठी लाखो रुपयांची यंत्रणा गाडीत बसवली, ते विष वर्षातून एकदा होणाऱ्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही. पोरांना अशी परीक्षा मिळाली असती तर आपल्या घरांत किती आनंद झाला असता!

या विद्येत आपण पहिले नाही, याचा कमीपणा वाटून घेऊ नये. अमेरिकेत १९९८ मध्ये जड डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांनी सरकारशी तडजोड केली. त्यांच्या सुमारे तेरा लाख इंजिनांतला संगणक प्रयोगशाळेतल्या चाचणीत सभ्यपणे वागत असे आणि महामार्गावर गाडी एका वेगाने धावू लागली की इंधन वाचवण्यासाठी नायट्रोजन ऑक्साइड वाढवणाऱ्या चालीवर जात असे. पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारींच्या बाबतीत तीच कथा जगभर गाजली. त्यांना त्यासाठी अभियंत्यांची फौज लागली, गुप्त आज्ञावली लिहावी लागली आणि शेवटी कोट्यवधी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे हेच काम ड्रायव्हरचा उजवा पाय करतो.

आपल्या शहरापासून फार दूर नसलेल्या पिथमपुरात नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचे केंद्र आहे, तिथला ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग आशियातला सर्वांत लांब म्हणून २०२१ मध्ये खुला झाला. इंजिनांच्या जागतिक चाचणीचक्रात १,८०० सेकंद इंजिनाला चढ, उतार, थांबे यांचा भास दिला जातो आणि मिलिग्रॅमचा हिशेब होतो. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांना मोजणीयंत्र गाडीवर बांधून खऱ्या रस्त्यावरचा धूरही दाखवावा लागतो. म्हणजे गाडी कंपनीच्या ताब्यात असेपर्यंत तिची परीक्षा आयआयटीची, आणि आपल्या ताब्यात आल्यावर बालवाडीची. अशा वेळी गाडी लवकरात लवकर आपल्या ताब्यात घेणे हेच तिच्यावरचे उपकार होत.

धुराने कोणाचे बिघडते, असे विचारणारे लोक भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला, हे खरे. पण आपले इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी स्वच्छतेत देशात पहिले आले आणि २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही पहिले आले. आता पहिल्या आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारताना त्याच्या नखांतला मळ कोण पाहतो? आमचे घर रिंग रोडपासून दोन गल्ल्या आत आहे. गेल्या चैत्रात आमच्या घरात साबुदाण्याचे पापड गच्चीवर वाळत घातले होते. संध्याकाळी ताट खाली आणले, मी एक पापड उजेडात धरून जाणकारपणे म्हणालो, “यंदा जिरे छान पडले आहे.” ही माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, जिरे मी यंदा घातलेच नव्हते.” तिने ओल्या फडक्याने एकेक पापड पुसला. फडके काळे झाले. त्यातले किती दाणे आमच्या सेठजींच्या गाडीचे होते, हे मी घरात बोललो नाही, कारण त्या गाडीचे प्रमाणपत्र त्या दिवशी वैध होते आणि माझ्याच कपाटात होते.

रस्त्यातल्या तपासणीची भीती बाळगू नये. नियम ११६ प्रमाणे पोलिस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक धूर ओकणारी गाडी थांबवून तिला चाचणीस पाठवू शकतात. तथापि धामनोदहून मानपूरच्या घाटात वर चढणाऱ्या, क्षमतेच्या सव्वापट माल भरलेल्या गाडीला तिथे कोणी थांबवत नाही, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे हा सगळ्यांनाच मनस्ताप असतो, आणि तिच्या मागे तसेही काही दिसत नाही. थांबवतात ते सपाटीवर, नाक्यावर, जिथे सावली आणि चहा असतो. तिथे धुराकडे कोणी पाहत नाही. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड मोबाइलवर पाहतात.

म्हणून शेवटचे एवढेच सांगतो, प्रमाणपत्र मिळताच ते लॅमिनेट करून घ्यावे. आमच्या एका ड्रायव्हरने ते तसेच केबिनमध्ये काचेजवळ खोचून ठेवले होते. तीन महिन्यांत त्यावर काजळीचा असा थर बसला की, नाक्यावर हवालदाराने दोनदा पुसले, शर्टाच्या बाहीनेही घासले, तरी मोबाइल काही तो कोड वाचेना, आणि धुराबद्दल नव्हे तर कागद अवाचनीय असल्याबद्दल गाडी दीड तास उभी राहिली. ट्रान्सपोर्ट नगरात लॅमिनेशन करणाऱ्याचे दुकान पीयूसी केंद्राला लागूनच आहे.