शेवंतीवर रात्रभर दिवा? खुलासा

‘शेवंतीच्या कुंडीवर रात्रभर दिवा लावा, दुप्पट फुलं येतील’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. दिव्याने नेमकं उलटं होतं.

शेवंतीला कळ्या धरायला मोठी रात्र लागते, साधारण १२ तासांहून जास्त सलग अंधार. मध्यरात्री काही वेळ उजेड पडला तरी झाडाच्या लेखी रात्र लहान होते आणि ते नुसती पानं वाढवत राहतं. फुलशेतीत तर फुलणं पुढे ढकलायचं असलं की मुद्दाम रात्री दिवे लावतात! दिवसाची लांबी आणि फुलणं यांचा संबंध गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्येच मांडला होता. माझ्याकडेही जिन्याच्या दिव्याखालची कुंडी हिरवीगार राहिली, पण कळी एक नाही. रात्री अंधारात असणारी मात्र भरून फुलली.

उजेड म्हणजे वाढ, असं वाटणं साहजिक आहे. भरपूर ऊन हवंच, पण दिवसा. कुंडी रात्रीच्या दिव्यापासून लांब हलवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.