मिस्टर नाहीत का घरी?

आमच्या लिफ्टशेजारच्या काचेच्या फलकात सोमवारी सकाळी नवी नोटीस लागली. ‘स्टिल्ट पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीची कामे करण्यास सक्त मनाई आहे. फ्लॅट क्र. ३०४ चे सभासद श्री. अमुक यांनी रविवारी सदर नियमाचा भंग केल्याने त्यांना रु. ५००/- दंड करण्यात येत आहे.’ श्री.च्या पुढे माझ्या नवऱ्याचं नाव. खाली कमिटी मेंबर म्हणून ज्यांची सही आहे, ते बी विंगचे काका रविवारी पावणेचार तास त्याच दुरुस्तीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. चहा दोनदा झाला. दुसऱ्यांदा साखर कमी सांगून.

आणि नवरा? आमच्या गाडीचं बोनेट कुठून उघडतं हे त्याला आजही माहीत नाही.

गाडी माझी आहे. आरसी बुकावर माझं नाव, हप्ते मी फेडलेत. एमएच ०४, पेट्रोल, चार सिलेंडर, दहा वर्षं जुनी. या वेळी सर्व्हिसिंगचं एस्टिमेट आलं ११,४०० रुपये. त्यात प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, सफाई समजण्यासारखी होती. पण बाकी डीकार्बनायझिंग, सायलेन्सर कोटिंग, एसी सॅनिटायझेशन अशी लग्नातल्या केटररसारखी काउंटरं लावली होती. म्हटलं, वरण-भात घरीच करू. वागळे इस्टेटकडच्या दुकानातून चार प्लग, फिल्टर आणि क्लीनरचा कॅन आणला. २,१०० रुपयांत. दुकानदाराने बिल करताना विचारलं, “मेकॅनिकचं नाव?” मी म्हटलं, “मीच.” तो छान हसला आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

काम नीट झालं. एअर फिल्टरचा डबा उचलला, खालच्या चार कॉइल काढल्या, नव्या प्लगचा गॅप फीलर गेजने तपासला, थ्रॉटलवरचा काळा थर पुसला, सगळं परत बसवलं. एकही नट उरला नाही. नट उरला नाही म्हणजे काम बरोबर झालं, अशी माझी भोळी समजूत होती.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि थरथरायला लागली. आरपीएमचा काटा सहाशेवर यायचा, आता बंद पडते की काय म्हणेपर्यंत अकराशेवर उडी मारायचा, मग पुन्हा खाली. डॅशबोर्डवरचा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत असल्यासारखा डुलत होता. रेस दिली की सगळं लोण्यासारखं, पाय काढला की पुन्हा हुडहुडी. आणि थोड्या वेळाने समोर पिवळा दिवा, इंजिनच्या चित्राचा, ज्याच्याकडे बघून पोटात खड्डा पडतो.

आता कोणी म्हणेल, रेस दिल्यावर चालते ना, मग झालं. हे म्हणणारा माणूस ठाण्याचा नाही. ठाण्यात गाडी चालत नाही, आयडल करते, म्हणजे जागच्या जागी धडधडत उभी राहते. माझं ऑफिस घोडबंदर रोडवर आहे. कापूरबावडीला उभं राहायचं, मानपाड्याला उभं राहायचं, मध्ये मेट्रो ४ च्या खांबांकडे बघत उभं राहायचं. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणारी ही मेट्रो होईल तेव्हा होईल. तोवर तिच्या सावलीत माझं अर्धं पेट्रोल जागच्या जागी जळतं. गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की मागे किती किलोमीटर शेपूट लागेल याचा नेम नाही. रस्ता खोदलेला असतो, बुजवलेला असतो आणि बुजवलेला पुन्हा खोदलेला असतो. तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. माझ्याकडे सध्या तीन आहेत. असो. सांगायचं एवढंच की, आमच्याकडे गाडीचं आयडलिंग बिघडणं म्हणजे गाडीच बिघडणं.

तर मी बोनेटखाली डोकं घालून उभी असताना मागून आवाज आला, “काय गं, मिस्टर नाहीत का घरी?”

काका पेपर आणायला निघाले होते. पेपर नंतर त्यांचा नातू घेऊन आला.

“आहेत ना. झोपलेत.”

“अरे वा,” काका म्हणाले, आणि सोसायटी ऑफिसातली लाल खुर्ची ओढून बसले. काका एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. त्यामुळे धातूच्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो. लिफ्ट अडकली, गिझर गळला, कोणाचं हाड मोडून आत प्लेट बसवली, काका हजर.

“गाडी तीनवर चालतेय,” त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं.

म्हणजे चारातलं एक सिलेंडर काम करत नाही. मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं, म्हणून एकेक कॉइल काढून पाहिली. चारही प्लग ठिणगी देतायत.

“पॉलिश पेपर मारलास का?”

“नवे आहेत, काका.”

“नव्यालाही मारायचा. चोक ओढून बघ.”

“हिला चोक नाही.”

“चोक नाही?” काका खरोखरच हादरले. “मग थंडीत काय करता?”

“ठाण्यात थंडी असते कुठे?”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते उठले. माझ्या डब्यातला सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ही जुनी, खरी विद्या आहे, मी नाकारत नाही. धातूतून आवाज येतो आणि जाणत्या कानाला आतलं दुखणं कळतं. पण काकांचा चेहरा आतलं दुखणं कळल्यासारखा नव्हता. पहाटेचं भूपाळ्यांचं रेकॉर्डिंग ऐकतानाचा होता. मी एक डोळा त्यांच्या झब्ब्याच्या बाहीवर आणि एक फिरत्या पंख्यावर ठेवून उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

“टॅपेट.”

“टॅपेटचा आवाज रेसबरोबर वाढला असता ना?”

“मग टायमिंग.”

एवढ्यात नवरा चहा घेऊन खाली आला. झोपेतून उठून केस उभे, बनियनवर शर्ट, हातात ट्रे. काकांना हरवलेलं मूल सापडलेल्या आईसारखा आनंद झाला. त्या क्षणापासून माझ्याशी संभाषण संपलं. “साहेब, असं आहे,” त्यांनी नवऱ्याला सुरुवात केली, “तुमच्या गाडीला चोक नाही म्हणते ही.” नवरा म्हणाला, “हो का?” काका म्हणाले, “टायमिंग गेलंय.” नवरा म्हणाला, “अरेरे.” मी बोनेटखालून काही म्हटलं की काका ते ऐकायचे, आणि उत्तर नवऱ्याला द्यायचे. नवरा मान हलवायचा. तो कुठल्याही विषयावर एका ठरावीक वेगाने मान हलवू शकतो. आमच्या घरात आयडलिंगला सगळ्यात स्थिर तोच आहे.

जाता जाता पाचव्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा थांबला, म्हणाला, “इथेनॉल,” आणि निघून गेला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून आमच्याकडे कोणाचं पोट बिघडलं तरी इथेनॉल म्हणतात.

मी दरम्यान गाडीच्या बिघाडाचा कोड वाचायचा ब्लूटूथचा डबा लावला होता. माझ्या मुठीत मावेल एवढा, स्टिअरिंगखाली खोचायचा. मोबाइलवर आलं : पी०१७१. मिश्रण पातळ. इथे मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण पातळ आमटीचं शास्त्र मला चांगलं येतं. पन्नास पानांचा स्वयंपाक केलाय आणि मागच्या दाराने पंधरा पाहुणे शिरले, तर काय होतं? वाढपी गडबडतो. इंजिनचंही तेच. पुढच्या दाराने आत जाणारी हवा सेन्सर मोजतो, आणि हवेच्या साधारण १४.७ भागांना पेट्रोलचा एक भाग अशा हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. मागून कुठून तरी न मोजलेली हवा घुसली की त्याचा हिशेब कोलमडतो. तो पेट्रोल वाढवतो, काटा उडतो, मग कमी करतो, काटा पडतो. रेस दिली की पुढचं दार सताड उघडतं, पाचशे पानं उठतात, त्यात आगंतुक पंधरा खपून जातात. म्हणून रेसवर ठणठणीत आणि उभ्या जागी हुडहुडी.

थ्रॉटल साफ केल्यावर कॉम्प्युटरला नवं माप शिकायला वेळ लागतो, म्हणून आधी पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवून पाहिली होती. फरक नव्हता. पण कान देऊन ऐकलं तर मागून कुठून तरी ‘शूऽऽ’ येत होतं, कुकरची रिंग सैल झाली की येतं तसं. हा आवाज ओळखायला लेथवर तीस वर्षं काढावी लागत नाहीत.

आता फक्त जागा दिसायला हवी होती. ती मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या मागे, जिथे हात जेमतेम जातो आणि उजेड अजिबात जात नाही. मला टॉर्च धरायला माणूस हवा होता. सकाळपासून माझी एवढीच मागणी होती. निदान करायला तीन पुरुष, टॉर्च धरायला एक नाही. नवऱ्याच्या हातात ट्रे होता. त्यात दोन रिकामे कप होते आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. मी टॉर्च काकांच्या हातात दिली.

चूक झाली. काका हातांशिवाय बोलू शकत नाहीत, आणि आता एका हातात टॉर्च होती. “माझी फियाट होती ना, साहेब,” ते म्हणाले, आणि प्रकाश छतावर गेला. “पद्मिनी. क्रीम कलर.” प्रकाश शेजारच्या स्कूटरवर. “शंभर वेळा उघडली असेल मी, शंभर वेळा.” प्रकाश माझ्या डोळ्यांत. मग खुद्द त्यांच्या हनुवटीखाली, भुताच्या नाटकातल्यासारखा. त्यांनी मोबाइल काढून नवऱ्याला फोटो दाखवला : गाडी, काकू, दोन मुलं, मागे कुठलासा घाट. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, ती बातमी त्यांनी कापून ठेवली आहे म्हणे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा बसला. मीही क्षणभर टॉर्चचं विसरले, खोटं कशाला सांगू.

“कुठे बनायची माहितीये?” काकांनी नवऱ्याला विचारलं. “इथे! कुर्ल्याला!”

आणि त्यांनी कुर्ल्याकडे टॉर्च रोखली.

आमच्या पार्किंगमधून कुर्ला बरोबर माझ्या मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला येतं. त्या उजेडात मला दिसला : करंगळीएवढा काळा रबरी पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्हकडून, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत सोडणाऱ्या झडपेकडून येणारा, टोक तडकलेलं आणि आपल्या नळीवरून पार निसटलेला. फिल्टरचा डबा उचलताना मीच तो ओढला होता. दहा वर्षांच्या उष्णतेने रबर खारकेसारखं कडक झालं होतं.

“काका, हात हलवू नका. कुर्ल्यातच राहा.”

मी अंगठ्याने उघडी नळी दाबली. शूऽऽ बंद. काटा अडखळला, खाली आला आणि साडेसातशेवर बसला तो बसलाच. गणपती स्थिर झाला.

इंजिन बंद केलं, पाइपचं तडकलेलं टोक ब्लेडने बोटभर कापलं, उरलेला खोचला, वरून जुबली क्लिप आवळली. नवा पाइप १८० रुपयांचा, मंगळवारी आला. काकांनी खुर्चीतून उठत नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. “शेवटी दोघं होतो म्हणून झालं.”

त्या दोघांत मी नव्हते.

संध्याकाळी लिफ्टमध्ये ए विंगच्या वहिनी भेटल्या. “भाग्यवान आहेस हं, तुझे मिस्टर गाडीचं सगळं घरच्या घरी करतात म्हणे. आमचे बल्ब बदलत नाहीत.” मी काही म्हणायच्या आत तिसरा मजला आला. नवऱ्याला विचारलं, “तू कोणालाच काही सांगितलं नाहीस?” तो म्हणाला, “मी काहीच म्हटलं नाही गं.” हे खरं आहे. त्याने फक्त मान हलवली असणार.

श्रेय गेलं तर गेलं, घरकामात सवय असते त्याची. पण नोटीस पाहिल्यापासून मात्र डोकं फिरलंय. नियम मी मोडला. ग्रीसने कोपरापर्यंत माझे हात काळे झाले, नखांत अजून आहे. आणि दंड श्री. अमुकना! गुन्हासुद्धा माझ्या नावावर लागू नये?

मी काकांना गाठलं. ते सोसायटी ऑफिसात त्याच लाल खुर्चीत बसले होते. म्हटलं, तुम्हीच बसला होतात ना तिथे. काकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. “बसलो होतो म्हणून तर माहिती आहे ना, कमिटीला सांगायला नको? कालच मीटिंगला विषय निघाला, तेलाचे डाग पडतात.” तेल सांडलंच नव्हतं. डाग काकांच्या कपाचा आहे, चहाचा, गोल.

दंड मी भरला, माझ्या खात्यातून, त्यांच्यासमोर कोड स्कॅन करून. ५०० रुपये. निरोपाच्या रकान्यात ‘गाडी मी दुरुस्त केली’ असं टाइप केलं. काकांचा फोन वाजला, त्यांनी चष्मा वर करून रक्कम वाचली, बाकीचं वाचलं नाही.

“पावती द्या,” मी म्हटलं. “माझ्या नावाची.”

“पावती?” काका म्हणाले. “ती फाडून दिली की सकाळीच, मिस्टरांकडे.”