आईन्स्टाईनची गोष्ट पाठवू नका, माझ्या भाच्याशी बोला

आईन्स्टाईनची ती गोष्ट शनिवारी आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आली. नास्तिक प्रोफेसर वर्गात विचारतो, सगळं देवाने निर्माण केलं तर वाईटही त्यानेच केलं ना? एक मुलगा उठतो. म्हणतो, अंधार म्हणजे उजेड नसणं, तसं वाईट म्हणजे देव नसणं. प्रोफेसर निरुत्तर. शेवटची ओळ, तो मुलगा होता अल्बर्ट आईन्स्टाईन. खाली आमच्या सगळ्या मामा-मावश्यांचे जोडलेले हात.

गोष्ट खोटी आहे. आईन्स्टाईनच्या आयुष्यात असं काही घडलेलं नाही. उलट १९५४ साली एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने देव हा शब्द माणसाच्या दुबळेपणातून आलाय असं सरळ लिहिलंय. २०१८ मध्ये त्या पत्राचा लिलाव झाला, तेव्हा पेपरांत सगळं छापून आलं होतं. ‘मीच सत्य आहे’ म्हणणाऱ्या प्रभू येशूची बाजू मांडायला आपल्याला, कॅथलिकांना, खोटी गोष्ट लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

ही गोष्ट माझ्या भाच्यासाठी पाठवलेली होती. पंचवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आईला समोर बसवून सांगितलं, मम्मी, माझा विश्वास राहिला नाही, मी चर्चमध्ये मिस्साला येणार नाही. त्याच शनिवारी त्याने ग्रुपवर स्टीफन फ्राय या नास्तिक ब्रिटिश अभिनेत्याची क्लिप टाकली होती. २०१५ ची, आयर्लंडच्या टीव्हीवरची मुलाखत. मेल्यावर देव समोर आला तर त्याला काय म्हणाल, असा प्रश्न आहे. फ्राय म्हणतात, मी विचारीन, लहान मुलांना हाडांचा कॅन्सर कशाला दिलास?

मी परळच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या कॅन्सर वॉर्डात एकवीस वर्षं नर्स आहे. हा प्रश्न मला क्लिपमधून कळलेला नाही.

एक बाप होता, साताऱ्याकडचा. देव मानत नव्हता. बायको बेडच्या दांडीला गंडा बांधायची, तो काही बोलायचा नाही. रोज दुपारी स्टीलच्या डब्यातून मऊ भात आणायचा आणि मुलगा जेवला नाही तर तोच डबा जिन्यात बसून एकटा संपवायचा. मुलगा गेला ती पहाट होती. माझ्या गळ्यातला क्रूस बघून त्याने विचारलं, सिस्टर, तुमचा देव कुठे असतो अशा वेळी? त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. मला काही सुचलं नाही. मी तसराळ्यात कोमट पाणी आणलं, आणि आम्ही दोघांनी मिळून मुलाला पुसून काढलं. बोटांच्या बेचक्यांत चिकटपट्टीचा डिंक राहिला होता, तो त्याने नखाने सावकाश काढला. त्या रात्री घरी मला रोजरी, आमची जपमाळ, हातात धरवली नाही. त्याला मी अंधार आणि उजेडाची गोष्ट सांगायला हवी होती का?

गेल्या वर्षी एका चर्चच्या पॅरिशमध्ये युवा ग्रुपला ‘गॉड्स नॉट डेड’ दाखवला. २०१४ चा अमेरिकन सिनेमा आहे. प्रोफेसर पोरांकडून ‘देव मेला’ असं लिहून सही घेतो, एक मुलगा सही करत नाही आणि वाद जिंकतो. प्रोफेसर नास्तिक का झाला, तर तो बारा वर्षांचा असताना त्याची आई कॅन्सरने गेली. सिनेमातली खरी गोष्ट हीच आहे, आणि सिनेमा तिथे थांबत नाही. ‘जो नाहीच त्याचा द्वेष कसा करता?’ असं विचारून मुलगा त्याला गप्प करतो आणि शेवटी गाडीखाली येऊन मरताना प्रोफेसर विश्वास ठेवतो. आमची पोरं टाळ्या वाजवत होती. माझा भाचा कुणाचा द्वेष करत नाही. त्याची आई ठणठणीत आहे. त्याला पटत नाही, इतकंच. असा माणूस त्या सिनेमात कुठेच नाही.

आणि मुंबईकर म्हणून आपल्याला इर्ला विसरता येणार नाही. २०१२ साली तिथल्या वेलंकनी मातेच्या चर्चमधल्या क्रूसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं, लोकांची रीघ लागली. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, सांडपाण्याची वाट तुंबली आहे, ते पाणी भिंतीत चढतंय, चमत्कार नाही. टीव्हीवर वाद झाला. आपल्यातल्याच काही लोकांनी पोलिसांत तक्रारी केल्या, कलम २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचं. त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

आमच्या वॉर्डात नातेवाईक सगळीकडचं पवित्र पाणी आणतात. नदीचं, दर्ग्याचं, फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या, जंतूंशी लढू न शकणाऱ्या मुलाच्या तोंडात ते जाऊ नये म्हणून मी हात आडवा धरते. आजी रडते, मला शाप देते, तरी धरते, आणि सगळे म्हणतात सिस्टर चांगल्या आहेत. एडामारुकू यांनीही तोच हात आडवा धरला होता. आपण त्यांचे आभार मानायला हवे होते.

हे माझ्या पदरचं नाही. आपल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात लिहून ठेवलंय, की नास्तिकता वाढण्यात आपला, श्रद्धावंतांचा, वाटा लहान नाही. चुकीचं शिकवून आणि चुकीचं वागून आपण देवाचा खरा चेहरा झाकतो. पुढे नास्तिकांशी मनमोकळा संवाद करा असंही म्हटलंय. साठ वर्षं झाली. संवादाच्या नावाने आपण फॉरवर्ड पाठवतो.

मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही. प्रभू त्याला हाकलत नाही, वादही घालत नाही, मुलाचा हात धरून त्याला उठवतो. माझ्या वॉर्डात मुलगा उठला नाही. तरीही मी विश्वास ठेवते, कारण क्रूसावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं विचारणारा तो स्वतःच आहे. साताऱ्याच्या त्या बापाचा प्रश्न त्याच्या तोंडी आधीच आहे. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, मला हे पटत नाही, पण हे तू फॉरवर्ड केलेलं नाहीस.

रविवारी दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, तयारीतल्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. फ्रायची क्लिप दाखवू का, म्हणून फादरांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, दाखवा, मीही येतो. भाचाही येणार आहे. मी त्याला सांगितलंय, तुला जे वाटतं ते मुलांना जसंच्या तसं सांग, मी मध्ये बोलणार नाही.